माणा: शेवटचं गाव नाही, तिबेटच्या वाटेवरचं गाव

ऑक्टोबरमधे बद्रीनाथला गेलो होतो. दर्शन लवकर झालं, मग सगळे करतात तेच केलं, जीपने तीन किलोमीटरवरच्या माणाला गेलो, ‘भारताचं शेवटचं गाव’ म्हणून सगळे ओळखतात ते. बहुतेक लोक भीमपूल, व्यासगुफा आणि ते चहाचं शेवटचं दुकान एवढं बघून तासाभरात परततात, आमचाही बेत तोच होता. पण गल्लीत एक आजी पायरीवर बसून लोकर कातत होती, तिच्यापाशी टेकलो आणि दुपार तिथेच गेली.

ही माणसं भोटिया, म्हणजे तिबेटच्या सीमेलगतच्या डोंगरांत राहणारी जमात, त्यातल्या मारछा नावाच्या गटातली. शेती इथे नावापुरतीच, ३२०० मीटरवर कितीसं पिकणार? गाव जगलं ते व्यापारावर. वर माणा खिंड, साडेपाच हजार मीटरच्याही वर, आणि पलीकडे तिबेट. इथून धान्य, गूळ, कापड जायचं, तिकडून मीठ, लोकर, टाकणखार यायचा, आणि ओझं वाहायला मेंढ्या-बकऱ्या, प्रत्येकीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना छोट्या पिशव्या! आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांवर मीठ वाहायचे, ते आठवलं मला. जुनी घरं बघा म्हणजे कळतं, खाली जनावरं नि माल, वर माणसं, छपराला पाटीचा दगड.

ही वाट किती जुनी? १६२४ मधे आंतोनियु द आंद्राद नावाचा पोर्तुगीज पाद्री बद्रीनाथच्या यात्रेकरूंमधे मिसळून, हिंदू वेशात इथवर आला आणि माणा खिंडीतून तिबेटात त्सापारांगला पोचला. बर्फाने डोळे गेल्यासारखे झाले होते, तरी गेला. आणि हा माणूस त्याआधी कितीतरी वर्षं गोव्यात राहिलेला, पुढे १६३४ मधे वारलाही गोव्यातच! हे मी घरी आल्यावर वाचलं, आधी माहीत असतं तर त्या खिंडीच्या दिशेने जरा जास्त वेळ बघत बसलो असतो.

म्हणून ते ‘शेवटचं गाव’ मला खटकतं. (आता पाटी बदललीये, ‘पहिलं गाव’ लिहितात.) शेकडो वर्षं हे गाव शेवटी नव्हतंच, वाटेच्या मधोमध होतं. १९६२ चं युद्ध झालं, सीमा बंद झाली आणि एका पिढीचा अख्खा धंदा गेला. आजी तेव्हा लहान होती, वडील वरून आले की अंगाला मेंढ्यांचा वास यायचा एवढं तिला आठवतं. १९६७ मधे भोटियांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पोरं शिकली, नोकऱ्यांना खाली गेली.

लोकर मात्र राहिली. टोप्या, मोजे, शाली बायका अजून घरीच विणतात. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे, थंडीसाठी बद्रीनाथाचे दरवाजे बंद होतात त्या दिवशी मूर्तीला तुपात भिजवलेलं लोकरीचं घोंगडं पांघरतात ना, ते माणाच्या मुली विणतात. सहा महिने देव तेच पांघरून असतो, उन्हाळ्यात दार उघडल्यावर त्याचेच धागे प्रसाद म्हणून देतात. आजीने पण लहानपणी विणलंय ते, हे सांगताना तिने चाती बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी घोंगड्याची लांबी दाखवली.

दोन टोप्या घेतल्या तिच्याकडून. देवळाचे दरवाजे बंद व्हायला अजून वेळ होता, पण गल्लीतल्या दोन घरांना कुलपं लागली होती, माणसं थंडीसाठी खालच्या गावांना निघाली होती.