एफ-वन

मंगळवार, रात्री साडेदहा

आज दिवसभरात एक पावतीबुक बाहेर पडलं नाही. छपाईच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस बसवण्यात अख्खा दिवस गेला.

हे मशीन २०१० सालचं. विंडोज सेव्हन, ३२ बिट, दोन जीबी रॅम. येणारा-जाणारा सांगतो, अण्णा, भंगारात घाला. पण माझ्या पेजमेकरच्या (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) फायली, जुने मराठी फॉन्ट आणि ते चालू करणारी किल्ली, म्हणजे डोंगल, याच्यावरच चालतात. नव्या लॅपटॉपवर तीच पत्रिका उघडली की 'श्री गणेश प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची खिचडी. बेळगावच्या शहापुरात बसायचं म्हणजे एक पत्रिका मराठी, दुसरी कन्नड, तिसरी दोन्ही. ते सगळं याच्या पोटात आहे.

शनिवारी एका गणेश मंडळाच्या पोरांनी पेन ड्राइव्ह लावला, त्यातून व्हायरस शिरला आणि माझी फोल्डरं शॉर्टकट होऊन बसली. जुन्या अँटिव्हायरसची मुदत केव्हाच संपलेली. नवा आणला. पट्टी ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते, थांबते आणि मागे येते. 'डिजिटल सिग्नेचर तपासता आली नाही.' म्हणजे फाइल खरोखर त्या कंपनीचीच आहे, हे सांगणारी सही मशीनला पटेना. पाच वेळा तेच.

मला वाटलं, जुन्याचे अवशेष आडवे येतायत. एका मशीनवर दोन अँटिव्हायरस म्हणजे एका म्यानात दोन तलवारी, हे ठाऊक होतं. सेफ मोडमध्ये जाऊन जुना मुळासकट काढला, टेंप फोल्डर रिकामं केलं. तरी तेच. मधे दोनदा लाइट गेली. दाराशी मंडळाचा पोरगा, "काका, झालं काय?" "होतंय की," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दुपारी बेंगळुरूच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, सेव्हनला शाटू (SHA-2) पद्धतीची नवी डिजिटल सही ओळखता येत नाही. दोन अपडेट आधी घाल, पहिलं केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९." २०१९ ची अपडेट आहेत ही. उतरवायला गेलो तर ब्राउझर प्रत्येक साइटला 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणायला लागला. भाचा क्षणभर गप्प. मग विचारलं, "मामा, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?"

१ जानेवारी २००९.

सकाळी मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते, सीमॉस आणि चेकसम असं काहीतरी, आणि खाली 'एफ-वन दाबा'. मी दाबतो. दोन वर्षं दाबतोय, उदबत्ती लावावी तसा. ती ओळ म्हणजे मदरबोर्डवरचा सेल मेल्याची वर्दी होती. रात्री मेन स्विच बंद करून घरी येतो, घड्याळ चालवणारं कोणी उरत नाही, आणि मशीन दुसऱ्या दिवशी पुन्हा २००९ मध्ये जागं होतं. सहीच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून पुढे' अशी मुदत असते. माझ्या मशीनच्या मते ती तारीख अजून उजाडलीच नव्हती! नेटवरून वेळ आपोआप जुळेल म्हणावं, तर फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असला की विंडोज त्याला हात लावत नाही.

पत्रिकेवर तिथी, वार, मुहूर्त दहादा तपासणारा माणूस मी. आणि स्वतःच्या मशीनची तारीख?

छत्री घेऊन खडेबाजारात गेलो. घड्याळवाल्याकडून सीआर २०३२ सेल घेतला, बटणाएवढा. जुना नखाने उचकटला, त्याच्यावर पांढरी बुरशी धरली होती. तारीख घातली, दोन्ही अपडेट त्याच क्रमाने घातली, प्रत्येकानंतर मशीन बंद-चालू. सहावी खेप. पट्टी ऐंशीवर आली तेव्हा मी स्क्रीनकडे पाठ करून कागद मोजत बसलो. शंभर टक्के.

स्कॅनला पावणेदोन तास लागले. मशीन आता आणखी हळू चालतंय, दोन जीबीत दुसरं काय होणार. शिवाय १४ जानेवारी २०२० नंतर सेव्हनला सुरक्षेची नेहमीची अपडेट येत नाहीत, एवढं मलाही कळतं. म्हणून काम झाल्यावर नेटची वायर काढून ठेवली. मेल लॅपटॉपवर बघायचं.

मंडळाच्या पोराचा पेन ड्राइव्ह शेवटी लावला. अकरा फायली सापडल्या. साफ करून दिला, तर म्हणतो, "काका, हाच मी कालपास्नं झेरॉक्सवाल्याकडं, फ्लेक्सवाल्याकडं, सगळीकडं लावलोय की."