झाकलेली अर्धी ओळ

फोंड्याच्या बसस्थानकावर पूर्वी एक मासिकांचा स्टॉल होता. फळ्यांवर मासिकं अशी रचलेली असायची, की पुढच्या रांगेने मागच्या रांगेचा खालचा अर्धा भाग झाकलेला. मागच्या मासिकाचं नाव आणि त्याखालची एखादी ओळ दिसली तर नशीब.

मी नववीत होतो. निकालाचा दिवस. गणितात काठावर सुटलो होतो आणि प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी दडवलं होतं. सावईवेऱ्याच्या बसला वेळ होता म्हणून स्टॉलपाशी रेंगाळलो, तर मागच्या रांगेतलं एक महिलांचं मासिक थेट मलाच विचारत होतं, 'तुमचं नेमकं कुठं चुकतं?'

मी तिथेच गार. शीर्षक कोणी लिहिलं असेल ते असो, पण त्याला माझं प्रगतिपुस्तक दिसलं होतं एवढं नक्की. "घेवपाचें आसा, काय नुसतें पळोवपाचें?" स्टॉलवाला म्हणाला. खिशात बसच्या भाड्याइतकेच पैसे होते. घरी पोचेपर्यंत खिडकीशी बसून मी माझ्या चुका मोजत होतो. गणितापासून सुरुवात झाली आणि फारच लांबवर गेलो.

आमच्या घरचे जुने दिवाळी अंक मात्र असं काही विचारत नसत. आजोबांच्या पेटीत 'दीपावली'चे अंक होते. १९४५ साली चित्रकार दीनानाथ दलालांनी सुरू केलेला हा अंक, मुखपृष्ठावर त्यांचंच चित्र, अंकाचं नाव आणि साल. बस. "हो आमच्या मडगांवचो," असं आजोबा दर वेळी सांगत, जणू दलाल शेजारच्याच घरात रंग कालवत बसले आहेत. दुसरे रघुवीर मुळगावकर, तेही अस्नोड्याचे. मराठी दिवाळीचा चेहरा घडवणारे हे दोघेही गोव्याचे, याचा आजोबांना जो अभिमान, तो स्वतःच्या नातवाचा कधी वाटला नसेल.

चित्र तुम्हाला थांबवतं, शब्द तुमच्या मागे घरी येतात, असं मला वाटतं. अमेरिकेतल्या 'टाइम'ने ८ एप्रिल १९६६च्या अंकावर चित्रच छापलं नाही. काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत तीनच इंग्रजी शब्द, अर्थ असा की देव मेला आहे का? १९२३पासूनच्या त्या साप्ताहिकाचं नुसत्या अक्षरांचं हे पहिलंच मुखपृष्ठ. आतला लेख तसा संयमी होता, पण गहजब झाला तो मुखपृष्ठावरून. प्रश्नचिन्ह मोठं धूर्त असतं. संपादक म्हणू शकतो, आम्ही कुठे काय म्हटलं, आम्ही तर विचारलं.

आपल्याकडचा तसा हुकमी शब्द म्हणजे 'संग्राह्य'. तो छापला की अंक रद्दीत घालायला हात धजत नाही. आमच्या माळ्यावर अशा संग्राह्य अंकांची चळत होती. एका पावसाळ्यानंतर वर चढून पाहिलं, तर वाळवीनेही तो शब्द फार मनावर घेतलेला दिसला. आणि 'वार्षिक राशिभविष्य' ही ओळ नसेल तर आमची काकू अंकाला हातसुद्धा लावत नसे. साहित्य वगैरे भविष्याच्या मागून.

तर ते मासिक. चार दिवसांनी पैसे जमवून गेलो, मागच्या रांगेतून ते ओढून काढलं आणि झाकलेली अर्धी ओळ दिसली, 'लोणचं टिकवण्याच्या बारा युक्त्या'.

हातात घेतलं होतं, परत ठेवायची लाज वाटली. विकत घेऊन आईला दिलं. तिने पायरीवर बसून, बोटाने मोजत लेख वाचला. मग म्हणाली, "यातल्या अकरा मी करतेच."

"आणि बारावी?"

"बरणीत ओला चमचा घालू नये. ते तू वाच."