तुम्ही विचारलंत म्हणून: हे बटण कोणाचं?

“भाऊ, हाई बटन कोनं शे?” उन्हाळी नांगरट होऊन पहिला पाऊस पडून गेला की हा प्रश्न हमखास येतो. कोणाच्या काळ्या रानात ढेकूळ फुटून निघालेलं असतं, कोणाच्या पडक्या घराच्या मातीत सापडलेलं असतं. कधी बटण, कधी पट्ट्याचं बक्कल. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, सोन्याचं आहे का? सोन्याचं नसतं. पितळेवर मुलामा असतो आणि तोही कडेच्या खाचेत तेवढा शिल्लक राहिलेला असतो.

पहिल्या प्रश्नाला मात्र उत्तर आहे. आपल्या जुन्या पोशाखात धातूच्या बटणाला फारशी जागा नव्हती. अंगरख्याला आणि बाराबंदीला बंद, बाकी कपड्यांना कापडाची गुंडी. सधन घरात सदऱ्याला साखळीत ओवलेली चांदीची बटणं. म्हणून मागे कडी आणि पुढे छाप असलेलं पितळी बटण मातीतून निघालं, तर ते बहुतेक करून गणवेशाचं. खानदेशात गणवेश पुष्कळ आले. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला, १८२५ मध्ये जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, १८६० च्या दशकात भुसावळपर्यंत रेल्वे आली. शिवाय पोलीस, जंगल खातं, कचेरीतले पट्टेवाले.

सगळे आधी पुढचा छाप पाहतात. मी बटण पालथं करतो. पाठीवरून काळ कळतो. सपाट, एकाच तुकड्याचं बटण आणि मागे डाखलेली कडी असेल तर ते जुन्या घडणीचं. दोन पत्रे कडेने दुमडून एकमेकांत बसवण्याचं पेटंट बर्मिंगहॅमच्या सँडर्सने १८१३ मध्ये घेतलं. तसं पोकळ, फुगीर बटण त्यानंतरचं. पाठीवर बारीक अक्षरांत कारखान्याचं नाव असतं. लंडनच्या फर्मिनचं नाव वाचता आलं की मला आनंद होतो, कारण नावाची आणि पत्त्याची धाटणी बदलत गेल्यामुळे त्यावरूनही काळाचा अंदाज बांधता येतो.

मग पुढची बाजू. मुकुट असेल तर त्याच्या कमानी पाहा. मधोमध दबलेल्या असतील तर मुकुट व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. गोल, फुगीर असतील तर १९०१ नंतरच्या राजांचा. अशोकस्तंभाचे सिंह असतील तर बटण आपल्या प्रजासत्ताकाचं. ‘जीआयपी’ची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, इंग्रजी अक्षरं एकमेकांत गुंफलेली असतील तर ते ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधीचं, कारण त्या दिवशी त्या कंपनीच्या मार्गाची मध्य रेल्वे झाली. त्याच दिवशी बीबी अँड सीआयची, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची, पश्चिम रेल्वे झाली. जळगावला सुरतकडची लाईन येऊन मिळते, त्यामुळे आपल्याकडे दोन्ही कंपन्यांची बटणं निघतात.

आकडा असलेल्या बटणावर माझा सगळ्यात जास्त जीव. चोपड्याकडच्या एका शेतकऱ्याने बिगुल आणि त्याखाली ११० असा आकडा असलेलं बटण आणलं होतं. १९०३ मध्ये लष्कराची फेररचना झाली तेव्हा मुंबईकडच्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले, आणि १९२२ मध्ये पुन्हा सगळे क्रमांक बदलले. म्हणजे ११० हा आकडा तेवढ्या एकोणीस वर्षांतलाच. ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत गावाच्या वेढ्यात होती; तिथल्या फौजेने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. हे सांगितल्यावर त्या भाऊंचे डोळे भरून आले. त्यांचे पणजोबा लढाईला गेले होते, असं घरात बोललं जायचं. तरीही मी त्यांना सांगितलं की बटणावरून पलटण कळते, माणूस कळत नाही. लष्करी कोट जुन्या बाजारात विकले जायचे, कोणीही थंडीसाठी विकत घ्यायचं. पणजोबांचं नाव पलटणीच्या किंवा पेन्शनच्या कागदात सापडलं तरच दोन्हींची गाठ पक्की होईल. घरच्या आठवणीला मी खोटं म्हणत नाही, पण बटणाच्या तोंडी ती घालणारही नाही.

बक्कलांचं थोडक्यात सांगतो. पट्टा अडकतो त्या दांडीवर फिरती नळी असेल, तर ते बहुधा घोड्याच्या किंवा टांग्याच्या साजाचं. सापाच्या आकाराचा हूक असेल तर शिपायाच्या किंवा पोलिसाच्या कमरेचं. नाव-नंबर कोरलेला पितळी पत्रा म्हणजे पट्टेवाल्याची चपरास.

आता कळकळीची विनंती. चिंच, लिंबू, राख लावून घासू नका. मुलामा आणि पाठीवरची अक्षरं घासण्यातच जातात. माती कोरडी होऊ द्या आणि मऊ कुंचल्याने झटका. किती खोल सापडलं यावरून वय ठरवू नका. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वरचं खाली जातं, पावसात फुगून खालचं वर येतं. धाब्यावरची, म्हणजे घराच्या मातीच्या छपरावरची, माती तर गावच्या पांढरीतून, जुन्या वस्तीच्या जागेतून, आणलेली असते, तेव्हा ती कुठून आणली होती हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

किंमत विचाराल तर सुट्या बटणाला बाजारात फार मोल नाही. पण १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते. संरक्षित किल्ल्यावर, गढीवर धातू शोधायचं यंत्र घेऊन खणायला जाऊ नका. तसलं सापडलेलं माझ्याकडे आणलंत तर मी पाहणार नाही. शेतात वर आलेलं असेल तर गट नंबर, शिवार आणि तारीख चिठ्ठीवर लिहा, शेजारी पट्टी ठेवून तिरप्या उजेडात पुढून आणि मागून फोटो काढा, आणि पाठीचा फोटो आधी पाठवा.