भाव पडतो, तरी सोयाबीनच का?

"सोयाबीनचा भाव पडतो हे माहीत असूनही दरवर्षी तेच का पेरता? हळद लावा की!" पुण्या-मुंबईचे पाहुणे हे हमखास विचारतात, आणि काळजीपोटीच विचारतात. आमचा हिंगोली जिल्हा हळदीचा, वसमतचा बाजार जवळ, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पेरणीच्या तोंडावर हातात पैसा किती आणि तो फेडायचा कधी, यावर आमचं पीक ठरतं. भावाचा विचार त्यानंतर.

हळदीला एकरी आठ-दहा क्विंटल बेणं, म्हणजे लावायचे गड्डे, लागतं. शेणखत, ठिबक, निंदणीची मजुरी वेगळी. आठ-नऊ महिने रानात नुसता पैसा घालत राहायचं. फेब्रुवारी-मार्चात काढणी, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश. हळद अजून वाळतच असते आणि ३१ मार्च येऊन ठेपतो. पीककर्ज मुदतीत भरलं तर आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंत व्याज पडत नाही, मुदत हुकली की सवलत गेली. मग सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसे उचलायचे, बँकेत भरायचे आणि नवं-जुनं करून घ्यायचं, म्हणजे जुनं कर्ज फेडून लगेच नवं उचलायचं. नवी मंजुरी लांबली, तर सावकाराचं व्याज चढत जातं. सिबिल, म्हणजे जुन्या कर्जफेडीवरून पडणारे गुण, बघू नका असं सरकार बँकांना बजावतं, तरी शेतकऱ्याचे हेलपाटे काही चुकत नाहीत.

आमच्या घरी एका साली मंजुरी ऑगस्टमध्ये आली. हळदीसाठी शेणखत टाकून, नांगरून ठेवलेल्या रानात तोवर सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं. बेण्याला पैसेच नव्हते, दुसरं काय करणार?

सोयाबीनला बियाणं घरचं चालतं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, सत्तरच्या वर उगवले की पेरायचं. शंभर-एकशे दहा दिवसांत रान मोकळं होतं, दिवाळीच्या आसपास पैसा येतो आणि मागून हरभरा घेता येतो. तुरीला त्याच रानात पाच-सहा महिने जातात, म्हणून ती सोयाबीनमध्ये दोन-दोन ओळी घालतो, सलग नाही.

थकबाकीत गेलेल्याची गत याहून वाईट. त्याला बँक उभं करत नाही, मग कृषी केंद्रात, म्हणजे बी-खताच्या दुकानात, उधारी. उधारीवाल्याला वाण निवडायला कोण देतं? दुकानदार काढून देईल ती पिशवी घ्यायची, आणि मळणी झाली की माल त्याच्याच काट्यावर न्यायचा. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात दर त्याच्या खाली होते. सरकारी खरेदीला नोंदणी, ओलाव्याची अट, चुकाऱ्याची, म्हणजे मालाचे पैसे मिळण्याची, वाट. घेणेकरी दारात बसलेला असताना एवढं थांबणार कोण?

पीककर्ज मे महिन्यात हातात पडलं आणि हळदवाल्याला हळद विकली जाईपर्यंत मुदत मिळाली, तर आमच्या गावातली कितीतरी रानं पुढच्याच साली हळदीखाली येतील. पाणी आहे, माणसं कष्टाला तयार आहेत.