टॉनिक कोणतं घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इंदुरात औषधांच्या दुकानात माझा जन्म गेला. आता गल्ल्यावर मुलगा बसतो, तरी हा प्रश्न माझ्याकडेच येतो: "काका, हल्ली नावं आठवत नाहीत. डोकं तरतरीत राहील असं काहीतरी द्या ना." विचारणारे साठीच्या पुढचे, रामबागेतले नाहीतर लोकमान्य नगरातले, म्हणजे आपलेच मराठी लोक. त्यांना बाटली हवी असते. मी विचारतो, "कान तपासलेत का?" मग कपाळाला आठ्या पडतात.

पण घराघरात काय चालतं बघा. नातू काही सांगतो, आजोबांना अर्धंच ऐकू येतं, ते मान डोलावतात. संध्याकाळी त्यांना ते आठवत नाही. घरचे म्हणतात, आजोबा विसरायला लागले. अहो, जे कानात शिरलंच नाही ते डोक्यात राहील कसं? शिवाय अर्धवट शब्द जुळवण्यातच मेंदूची शक्ती जाते, लक्षात ठेवायला उरत नाही. पुढे माणूस गणपतीच्या कार्यक्रमाला जाणं टाळतो, फोन टाळतो, गप्पांत नुसता बसून राहतो. हे एकटेपण मेंदूला सगळ्यात वाईट, असं माझं मत.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी आवरली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा पुढे ढकलता येतील, असा त्यांचा अंदाज. त्यात सर्वांत मोठा वाटा ऐकू कमी येणं आणि वाईट कोलेस्टेरॉल यांचा. कानाच्या मशीनबद्दल मात्र अवाच्या सवा बोलणार नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या लोकांवर तीन वर्षं चाचणी झाली. सगळे मिळून पाहिले तर फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. मशीन कपाटात ठेवून अर्थातच काही होत नाही, आणि आपल्याकडे निम्मी मशीनं तिथेच असावीत.

बदाम, शब्दकोडी, ब्राह्मी? खुशाल करा. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या, थोडा धोका असलेल्या १२६० जणांपैकी साधारण निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर नजर असं सगळं एकत्र दिलं, तेव्हा चाचण्यांत त्यांची प्रगती इतरांपेक्षा जास्त दिसली. एकट्या कोड्याचा तो प्रताप नव्हता. म्हणून नेहरू पार्कात चाला, पण दमानं बोलता येईल इतपतच हळू नको, जरा धाप लागू द्या. पोहे खा, शेव चिमूटभर, आणि जलेबी रोज नको. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडू नका. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढत्या दाबाने बिघडतात आणि त्याची जाणीवही होत नाही.

आता धंद्यातली गोष्ट. विसर नुकताच वाढला असेल तर घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरांकडे न्या. सर्दीच्या जुन्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन, झोपेच्या गोळ्या, यांनी म्हातारपणी डोकं जड होतं आणि गोंधळ उडतो. लोक त्या चिठ्ठीशिवाय मागतात, वर्षानुवर्षं घेतात. पण झोपेची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, ती डॉक्टरच हळूहळू कमी करतील. त्यांना बी-१२ आणि थायरॉईडची तपासणीही विचारा. आपण शाकाहारी मंडळी, बी-१२ कमी निघणं नवलाचं नाही, आणि हे वेळेवर सापडलं तर विसर बऱ्याचदा कमी होतो. टॉनिकची बाटली घ्यायची की नाही, ते रिपोर्ट आल्यावर बघू.