पीटर्सबर्गचे खंदक आणि रसदीची लढाई

खंदकातले युद्ध म्हटले की आपल्यासमोर पहिल्या महायुद्धातला फ्रान्स उभा राहतो. परंतु त्याच्या पन्नास वर्षे आधी, अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे उत्तरेची राज्ये आणि गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये यांच्या लढाईत, व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्ग शहरासमोर दोन सैन्ये जून १८६४ पासून एप्रिल १८६५ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेनऊ महिने, एकमेकांवर बंदुका रोखून जमिनीखाली राहिली. याला पीटर्सबर्गचा वेढा म्हणतात, पण शहर चारी बाजूंनी कधीच वेढले गेले नव्हते. दक्षिणेची राजधानी रिचमंड जगत होती ती पीटर्सबर्गला एकत्र येणाऱ्या लोहमार्गांवर, आणि हे मार्ग एकेक करून तोडायचे, हा उत्तरेचे सरसेनापती ग्रँट यांचा बेत होता. त्यामुळे मोर्चे पश्चिमेकडे सरकत गेले आणि त्यांना अडवण्यासाठी दक्षिणेचे सेनापती ली यांना आपली विरळ होत चाललेली फळी ताणत न्यावी लागली. अखेरीस ही रांग तीस मैलांहून लांब झाली.

शहराभोवतीची मूळ तटबंदी कॅप्टन डिमॉक यांच्या देखरेखीखाली १८६२ पासूनच उभी राहिली होती आणि ती खणण्याचे बरेचसे काम गुलामांकडून करून घेण्यात आले होते, ही गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. दक्षिणेच्या शिपायांच्या हालांबद्दल वाचताना मन कळवळते आणि ते कळवळावेही. पण ज्या व्यवस्थेसाठी ते हाल सोसले जात होते, तिचाच घाम त्या मातीत आधी जिरला होता.

१८६४ मध्ये जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पाऊस जवळपास पडलाच नाही. झरे आटले, माणसे मिळेल तिथे खड्डे खणून गढूळ पाणी पिऊ लागली आणि घोडी, गाड्या व पावले यांनी उडवलेली धूळ अन्नात, डोळ्यांत, बंदुकीच्या चापात बसू लागली. काही ठिकाणी दोन्ही रांगांमध्ये जेमतेम चारशे फुटांचे अंतर होते, त्यामुळे काठावर डोके दिसले की गोळी येई. उखळी तोफेचा गोळा मात्र वरून उतरतो, त्याला काठाची उंची अडवू शकत नाही. म्हणून शिपायांनी जमिनीत खोल्या खणल्या, त्यांवर लाकडाचे ओंडके रचले आणि ओंडक्यांवर काही फूट माती लोटली. या खोल्या गोळ्यापासून वाचवत, पण आत हवा कोंडे, उवा होत आणि पाऊस सुरू झाल्यावर घोट्यापर्यंत चिखल साचे. अतिसार, आमांश आणि हिवताप हे नेहमीचे सोबती होते. या संपूर्ण यादवीत गोळीपेक्षा रोगाने अधिक शिपाई मेले, आणि खंदकात शौचाला बाहेर पडणेही जिवावर बेतत असताना स्वच्छतेची काय अवस्था असेल, ते वेगळे सांगायला नको.

या कंटाळ्यातून आणि भीतीतून मार्ग काढण्यासाठी उत्तरेच्या सैन्यातल्या पेन्सिल्वेनियाच्या ४८ व्या पलटणीने बोगदा खणून शत्रूच्या रांगेखाली सुरुंग लावण्याची कल्पना मांडली. पलटणीत कोळशाच्या खाणीत काम केलेले पुष्कळ जण होते आणि त्यांचे प्रमुख हेन्री प्लेझंट्स स्वतः खाण अभियंते होते. लष्करी अभियंत्यांनी एवढ्या लांब बोगद्यात हवा खेळणार नाही म्हणून हा बेत थट्टेवारी नेला आणि साधने देण्यातही हात आखडता घेतला. शिपायांनी साध्या कुदळी खाणीच्या कामाजोग्या करून घेतल्या, बिस्किटांच्या रिकाम्या खोक्यांना दांडे ठोकून त्यांतून माती बाहेर काढली, आणि बोगद्याच्या तोंडापासून काही अंतरावर उभ्या धुराड्याखाली आग पेटती ठेवून वाईट हवा वर खेचली; ताजी हवा लाकडी नळीवाटे टोकापर्यंत जाई. महिन्याभरात ५११ फूट बोगदा तयार झाला आणि शत्रूच्या बुरुजाखाली आठ हजार पौंड बंदुकीची दारू ठासली गेली.

३० जुलैच्या पहाटे बत्ती दिली, ती मध्येच विझली. दोन जण आत शिरून तुटलेली वात जोडून, पेटवून परत आले. पावणेपाचच्या सुमारास बुरूज आणि त्यातली माणसे आकाशात उडाली. पुढे जे झाले ते सेनाधिकाऱ्यांच्या नालायकीचे उदाहरण आहे. हल्ल्यासाठी तयार केलेली कृष्णवर्णीय शिपायांची डिव्हिजन आदल्या दिवशी मागे घेण्यात आली, तिच्या जागी ज्यांची निवड चिठ्ठी टाकून झाली त्या तुकडीचा सेनापती लेडली आडोशाला दारू पीत बसला, आणि त्याचे शिपाई खड्ड्याला वळसा घालण्याऐवजी खड्ड्यातच उतरले. निसरड्या उभ्या कडांवरून त्यांना वर चढता येईना आणि वरून गोळे पडत राहिले. नंतर कृष्णवर्णीय पलटणींनाही त्याच गर्दीत लोटले गेले; त्यांच्यातल्या अनेकांना शरण आल्यावरही ठार मारण्यात आले. १५ जूनला, ज्या दिवशी पीटर्सबर्गवरच्या पहिल्या हल्ल्यात कृष्णवर्णीय पलटणी लढल्या, त्याच दिवशी त्यांना गोऱ्यांइतका पगार देणारा कायदा झाला होता. समान पगाराला दीड महिना लोटला नाही तोवर ही समान मरणाचीही नव्हे, तर अधिक क्रूर मरणाची वेळ आली.

तो खड्डा आजही तिथे आहे. रिचमंडहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासात जाता येते आणि त्या भागात राहणाऱ्या मराठी मंडळींनी पाहुण्यांना समुद्रकिनाऱ्याऐवजी एकदा इकडे न्यायला हरकत नाही. आता गवताने भरलेला तो उथळ खळगा पाहून प्रथम थोडी निराशाच होते.

हिवाळ्यात दोन्ही बाजूंची माती, थंडी आणि उवा सारख्याच होत्या. पाठीमागचे चित्र मात्र सारखे नव्हते. उत्तरेच्या सैन्यामागे जेम्स आणि ॲपोमॅटॉक्स नद्यांच्या संगमावर सिटी पॉइंटचे बंदर होते. तिथल्या भट्ट्यांतून दिवसाला एक लाखाच्या घरात पाव निघत आणि खास टाकलेल्या लोहमार्गाने ते मोर्चांपर्यंत पोहोचत. दक्षिणेचा वेल्डन लोहमार्ग ऑगस्टमध्येच तुटला होता, त्यामुळे उरलेला माल दूरच्या स्टेशनावर उतरवून गाड्यांतून वळसा घालून आणावा लागे. जानेवारीत विल्मिंग्टन बंदराचे रक्षण करणारा फोर्ट फिशर हा किल्ला पडला आणि परदेशी माल येण्याचा शेवटचा मोठा समुद्री दरवाजाही बंद झाला. शिपायाच्या वाट्याला थोडे मक्याचे पीठ आणि कधीतरी खवट मांसाची फोड येई. फेब्रुवारी १८६५ मध्ये हॅचर्स रनच्या लढाईनंतर ली यांनी युद्धमंत्र्यांना कळवले की गारपीट आणि थंडीत उभ्या असलेल्या काही माणसांना तीन दिवस मांस मिळालेले नाही. पहाऱ्यावरचे शिपाई समोरच्यांशी तंबाखू देऊन कॉफी घेत, त्यांना पलीकडच्या पोटभर जेवणाची खबर असेच. घरून येणाऱ्या पत्रांत बायकामुलांच्या उपासमारीचे वर्णन असे. रात्री पहाऱ्यावर गेलेली माणसे सकाळी परत येईनाशी झाली. त्यांना भ्याड म्हणणे मला जमत नाही. साडेनऊ महिन्यांच्या गोळीबाराने जे केले नाही ते रिकाम्या पोटाने केले.

२ एप्रिलला फळी फुटली आणि ली पश्चिमेकडे निघाले, ते वाटेत शिधा मिळेल या भरवशावर. ८ एप्रिलला ॲपोमॅटॉक्स स्टेशनवर त्यांच्यासाठी आलेल्या रसदीच्या आगगाड्या उत्तरेच्या घोडदळाने ताब्यात घेतल्या. दुसऱ्या दिवशी शरणागतीची कलमे लिहून झाल्यावर ली यांनी आपल्या माणसांजवळ खायला काही नाही असे सांगितले, आणि ग्रँट यांनी पंचवीस हजार माणसांचा शिधा पाठवण्याचा हुकूम दिला.