इंदूरमधील पहिले वर्ष आणि आजोबांची करंगळी

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यांतीलच एक जागा मिळाल्याने मी सांगलीहून इंदूरला आले. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा निकाल नुकताच लागला असून, तेव्हापासून नीटची तयारी करणारी घराकडची धाकटी भावंडे फोनवर एकच प्रश्न विचारतात : ताई, तू रोज किती तास वाचायचीस? पहिले चार महिने मी खूप तास वाचले आणि त्याचा मला फारसा उपयोग झाला नाही, हे त्यांना सविस्तर सांगावे म्हणून हे लिहीत आहे.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे तीन मुख्य विषय असतात. शरीररचनेच्या पहिल्या अंतर्गत परीक्षेत व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या वेळी सरांनी माझ्या हातात दंडाचे हाड, म्हणजे ह्यूमरस दिले आणि ते कोणत्या बाजूचे आहे, असे विचारले. वरचा गोल भाग शरीराच्या दिशेला असतो आणि खालच्या टोकाची खोल खोबण मागच्या बाजूला येते, हे मी कितीतरी वेळा वाचून रंगीत पेनाने अधोरेखित केले होते. तरीही ते हाड हातात धरून, एकेक खूण दाखवत, मोठ्याने बोलण्याची वेळ माझ्यावर त्यापूर्वी कधीच आली नव्हती. मी गप्प उभी राहिले आणि त्या परीक्षेत नापास झाले.

मी रामबागेत एका मराठी कुटुंबाकडे खोली घेऊन राहते. इंदुरात होळकरांच्या काळापासून मराठी घरे आहेत, आणि या घरात तर हिंदी शाळेत शिकलेली नातवंडेही आजोबांशी मराठीतच बोलतात. आजोबांच्या उजव्या हाताला रात्री मुंग्या येत असत आणि त्यांच्या डॉक्टरांनी कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटात नस दबण्याचा त्रास असल्याचे निदान केले होते. एका संध्याकाळी त्यांनी मला विचारले, “अंगठा आणि शेजारची बोटे बधिर होतात, मग करंगळी कशी काय सुटते गं?” मला उत्तर देता आले नाही. रात्री पुस्तक पुन्हा उघडले, ते या वेळी त्या एका प्रश्नासाठी.

मनगटाची ८ लहान हाडे मिळून एक खोलगट पन्हळ तयार होते, तिच्यावर एक जाड पट्टा ताणलेला असतो आणि त्या अरुंद बोगद्यातून, म्हणजेच कार्पल टनेलमधून, ९ कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) व मीडियन नर्व्ह ही नस तळहातात उतरतात. जागा कमी पडली की दाब या नर्व्हवर येतो. करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग सांभाळणारी अल्नर नर्व्ह मात्र त्या पट्ट्याच्या वरून जाते. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या तळव्याच्या त्वचेकडे जाणारी मीडियनची फांदीही वरूनच जात असल्याने तिथली जाणीव शाबूत राहते. दुसऱ्या दिवशी मी हे आजोबांना त्यांच्याच हातावर बोट ठेवून सांगितले. “म्हणजे दोन तारा दोन वेगळ्या वाटांनी येतात,” ते म्हणाले. त्यानंतर तो भाग मला पुन्हा पाठ करावा लागला नाही.

पुढे मी रोज हेच करू लागले. पुस्तक मिटून आठवेल तेवढे बोलायचे, आकृती कोऱ्या कागदावर काढायची, अडले तरच पान उघडायचे, आणि तोच भाग दोन दिवसांनी व आठवड्याने पुन्हा स्वतःला विचारायचा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात हेच दिसले होते : पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना अधिक आठवत होते. पुन्हा वाचताना सगळे येत असल्यासारखे वाटते, आणि पहिल्या वर्षी सर्वांत मोठा धोका मला त्यातच दिसतो. हजेरीबद्दल इतकेच सांगते, की थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के लागतेच. पण विच्छेदनाच्या टेबलावर ज्यांनी आपला देह आपल्यासाठी ठेवला आहे, त्यांच्यासमोर केवळ हजेरीपुरते उभे राहू नये, असे मला मनापासून वाटते.

भाषेची तयारी मात्र मी उशिरा सुरू केली. मध्य प्रदेशात १६ ऑक्टोबर २०२२ रोजी या तिन्ही विषयांची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली, परंतु त्यांतही तांत्रिक संज्ञा देवनागरीत लिहिलेल्या इंग्रजीच आहेत. वॉर्डातील रुग्ण ते शब्द वापरत नाहीत. म्हणून मी वहीत इंग्रजी, मराठी आणि हिंदी असे तीन रकाने आखले : एल्बो, कोपर, कोहनी; अँकल, घोटा, टखना; काफ, पोटरी, पिंडली; रिब, बरगडी, पसली. मळमळीला हिंदीत ‘जी मिचलाना’ म्हणतात, हेही त्याच वहीत आहे.

वर्षअखेरीस आम्हाला वॉर्डात नेले, तेव्हा एका बाई म्हणाल्या, “हाथ में झुनझुनी होती है, रात को ज्यादा.” मी विचारले, “छोटी उंगली में भी?” त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताचे एकेक बोट चाचपून पाहिले आणि करंगळीपाशी येऊन नकारार्थी मान हलवली.